उदाहरणबाईच्या सहा शाली

आमच्या उदाहरणबाईला रडता येत नसे, ही आमच्या जनजागृतीची सगळ्यात मोठी अडचण होती. बाकी सगळं तिच्याकडे होतं. नवरा पिणारा होता, घराला भिंतींऐवजी तुराट्यांचा कुड होता, दोन लेकरं होती, पायात चप्पल नव्हती. व्यसनापायी बाईच्या वाट्याला दारिद्र्य कसं येतं हे लोकांना पटवायला याहून जास्त काय लागतं? पण ऐन मोक्याच्या जागी, जिथे समोरच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावायचा आणि प्रमुख पाहुण्यांनी चष्मा पुसायचा, तिथे ही बाई कोरड्या डोळ्यांनी सांगायची, "मंग त्यानं तांब्याचा हंडा इकला. मंग आमी मडक्यात पानी भरू लागलो." आणि पुढे सरकायची.

आमच्या व्यसनमुक्ती संस्थेच्या अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणत. त्यांनी एकदा तिला बाजूला घेऊन समजावलं, "ताई, हंड्यापाशी जरा थांबत जा. आवाज भरून येऊ द्या. लोकांच्या काळजाला भिडलं पाहिजे." ती म्हणाली, "भाऊ, रडायचं व्हतं तर आदी सांगायचं की. म्या तर घरूनच रडून आले." भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी सूत्रसंचालक असल्यामुळे लगेच दुसऱ्या विषयाकडे वळलो.

तिचं खरं नाव कोंडाबाई. साखऱ्याच्या अलीकडे एक वस्ती आहे, तिथल्या प्राथमिक शाळेवर मी तेव्हा मास्तर होतो. आवाज मोठा आणि अक्षर वळणदार, एवढ्या दोन गुणांवर माझी संस्थेत सूत्रसंचालक म्हणून नेमणूक झाली होती. हिंगोली जिल्हा नवा नवा झालेला. जिल्हा झाल्यामुळे शेतीला पाणी आलं नाही, पण प्रमुख पाहुण्यांचा तुटवडा मात्र कायमचा संपला. पूर्वी एखाद्या साहेबाला बोलवायचं तर परभणीला खेटे घालावे लागत. आता साहेब हाकेच्या अंतरावर होते, त्यामुळे समाजाला जागं करण्याच्या कामाला एकदम वेग आला.

पहिली सभा माझ्याच शाळेच्या ओट्यावर झाली. भाऊंनी खड्या आवाजात विचारलं, "भगिनींनो, दारूमुळे संसार उद्ध्वस्त होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे का?" तेवढ्यात मागून, मेंढरं हाकायची काठी मांडीवर आडवी घेऊन बसलेली एक बाई म्हणाली, "आमाला ठावं हाय. तुमाला कवा कळलं?" मी घाबरलो. भाऊ मात्र हुशार माणूस. त्यांनी तिला पुढे बोलावलं, तिची सगळी हकिगत काढून घेतली आणि जीपमध्ये बसताना मला म्हणाले, "मास्तर, हे आपलं उदाहरण." त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमाला जीपमधून पहिला प्रश्न यायचा, "उदाहरण आलं का?" पुढे वस्तीवरची पोरंही तिला उदाहरणबाई म्हणू लागली. तिनेही ते नाव मनावर घेतलं नाही. नवऱ्याने ठेवलेल्या नावांपेक्षा हे बरं, असं म्हणायची.

तिची हकिगत मला तोंडपाठ होती. लग्नात सासऱ्याने वीस मेंढरं वाटून दिली होती. नवऱ्याने ती एकेक करून विकली, आणि विकली तीही वस्तीवरच्याच एका बागायतदाराला. शेवटी पोट भरायला त्याच बागायतदाराकडे ती मेंढरं राखायला राहिली. म्हणजे स्वतःचीच मेंढरं ती दुसऱ्याची म्हणून रानात न्यायची. त्यांची नावंही तिनेच ठेवलेली होती, त्यामुळे मालकाने हाक मारली तरी ती वळत नसत, हिने नुसतं जिभेने चुक् केलं की मागे यायची. हे ती सांगायची तेव्हा सभेत हशा व्हायचा. भाऊंना तो हशा आवडत नसे. दारिद्र्याच्या कार्यक्रमात लोक हसले तर पाहुण्यांचा गैरसमज होतो, असं त्यांचं मत होतं.

हकिगतीचं एक शेवटचं वाक्य होतं, आणि ते आम्ही तिला कधीच पुरं करू दिलं नाही. ती म्हणायची, "माझं दुसरं काही मागनं न्हाई. तेवढं पिवळं कार्ड..." की भाऊ माईक काढून घ्यायचे आणि मी "जोरदार टाळ्या" म्हणायचो. पिवळं कार्ड म्हणजे दारिद्र्यरेषेखालचं राशन कार्ड. त्यावर दर महिन्याला स्वस्त गहू, तांदूळ मिळत. तिला ते हवं होतं, आणि स्वतःच्या नावावर हवं होतं, म्हणजे नवऱ्याला ते परस्पर कुणाकडे गहाण टाकता आलं नसतं. भाऊ म्हणायचे, कार्डाचं बोललं की विषय भरकटतो. आपला विषय व्यसन आहे, राशन नाही.

सेनगाव झालं, औंढ्याला झालं, कळमनुरीच्या बाजाराच्या दिवशी झालं. जीपमध्ये पुढे भाऊ आणि मी, मागे कर्णा, बॅनर आणि उदाहरणबाई. प्रत्येक ठिकाणी दीपप्रज्वलन, माझ्या स्वागताच्या चार ओळी, भाऊंचं पाऊण तासाचं मनोगत, तिची पाच मिनिटांची हकिगत आणि शेवटी तिला शाल-श्रीफळ. नारळ घरी जाताच लेकरं फोडून खायची. शाल मात्र राहायची. एकदा तिने परतीच्या वाटेवर विचारलं, "गुर्जी, ह्या शालीच्या बदली दोन पायल्या ज्वारी न्हाई का देत?" मी म्हणालो, "बाई, स्टेजवर ज्वारी खांद्यावर कशी घालणार?" ती म्हणाली, "म्या पदर पसरते की." मी ही सूचना भाऊंना कळवली नाही.

तिच्या कमरेला मिश्रीची डबी असायची. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड बोटावर घेऊन ती दिवसभर दातांवर फिरवायची. औंढ्याच्या कार्यक्रमात भाऊंना सुचलं, की बाईने आपली डबी सर्वांसमोर होळीत टाकायची. घमेल्यात आग पेटवली, फोटोवाला सज्ज झाला आणि उदाहरणबाईने डबी टाकली. टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर ती मला हळूच म्हणाली, "भाकर नसली की म्या मिश्री लावते, गुर्जी. भूक मरते तिनं. आता डबी तर टाकली. भाकर कुटं हाय, तेवढं सांगा." मी तिला संस्थेचं पत्रक दिलं. त्यात मिश्रीचे दुष्परिणाम सचित्र छापलेले होते. दुसऱ्या दिवशी तिच्या कमरेला नवी डबी होती, आणि मास्तर म्हणून माझा एक विद्यार्थी नापास झाल्यासारखा मी तिच्यावर रागावलो. आज त्या रागाची मला लाज वाटते.

असं करता करता तिच्या घरी सहा शाली जमल्या. नवऱ्याने घरातलं विकण्याजोगं सगळं विकलं होतं, पण शाली तशाच राहिल्या. त्याने प्रयत्न केला नाही असं नाही. एक शाल घेऊन तो भट्टीवर गेलाही होता. भट्टीवाल्याने ती उलगडून पाहिली, आरपार पलीकडचं झाड दिसलं, तेव्हा त्याने घडी घालून परत दिली. शेवटी उदाहरणबाईने त्या शाली कुडाला आतून बांधून टाकल्या. तुराट्यांमधून थंडीचं वारं यायचं, तिथे एकेक शाल ताणून चारी टोकं सुतळीने आवळली. वारं अडलं नाही, पण लेकरांना तेवढाच आडोसा झाला.

आणि मग दारिद्र्यरेषेचा सर्व्हे आला. सरकारला गरीब कोण हे शोधायचं होतं आणि ते शोधायला मास्तरांइतका रिकामा माणूस दुसरा नव्हता. आमच्या हाती फॉर्म आले. जमीन किती, घर कसं, जेवण किती वेळचं, माणशी कपडे किती. प्रत्येक प्रश्नाला गुण. फक्त ही परीक्षा उलटी होती. ज्याला कमी गुण तो पास, ज्याला जास्त गुण पडले तो गरीब म्हणून नापास. मला या उलट्या परीक्षेची गंमत वाटली. मी जाईन तिथे तो विनोद सांगत होतो.

उदाहरणबाईच्या दारी मी भर दुपारी पोचलो. ती मेंढरं घेऊन रानात गेली होती. दारात नवरा बसला होता आणि त्या वेळी तो बऱ्यापैकी रंगात होता. मी कपड्यांचं विचारलं तसा तो उठला, छाती काढून म्हणाला, "लिहा गुर्जी, कपड्याला आमच्या घरी कमी न्हाई. साहेब लोकं शाली पांघरतात आमच्या बायकोला. आत येऊन पाहा." मी आत वाकून पाहिलं. कुडाला सहा शाली. पुढे अजून बरीच घरं बाकी होती. मी हसलो, दोरीवरची लुगडी मोजली, त्यात सहा शाली मिळवल्या, भाग दिला आणि गुण लिहिले. भागाकार माझा कधीच चुकत नाही.

यादी लागली ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. मधल्या सुट्टीत उदाहरणबाई शाळेत आली. दारातच उभी राहून म्हणाली, "गुर्जी, एका पोराकडून यादी वाचून घेतली. माझं नाव न्हाई म्हंतो. त्याला नीट वाचता येत न्हाई वाटतं. कुनी शिकवलं त्याला?" त्याला मीच शिकवलं होतं. मी गेलो, वाचलं. पोरगं बरोबर होतं. बागायतदाराच्या चुलत्याचं नाव होतं, हिचं नव्हतं. मी माझ्याकडची फॉर्मची प्रत काढली आणि बेरीज पुन्हा केली. एका गुणाने गेली होती. तो गुण कपड्यांचा होता.

हे तिला सांगायला मला बराच वेळ लागला. सरकारचा निकष, माणशी सरासरी, गुणांकन, असे सगळे शब्द वापरून झाले. ती पायरीवर बसून ऐकत होती. डबी उघडून तिने मिश्रीचं बोट दातांवर फिरवलं आणि मग शांतपणे विचारलं, "म्हंजी, म्या गरीब हाय म्हून तुमी शाली देल्या. आन् शाली हायत म्हून म्या गरीब न्हाई. बराबर?"

"बराबर," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"मंग आता?"

"आता यादी वर गेली, बाई. आता पुढच्या सर्व्हेला."

"तवर लेकरं काय कुडाच्या शाली खातील?" एवढं विचारून ती उठली. मेंढरं वाट पाहत होती. तिचं धाकटं लेकरू पहिलीत माझ्यासमोर बसायचं. त्या दिवशी मी त्याला एकही प्रश्न विचारला नाही.

महिनाभराने हिंगोलीला मोठा मेळावा होता. विषय फार मोलाचा होता, व्यसनग्रस्त कुटुंबांतील महिलांचे दारिद्र्य आणि समाजाची जबाबदारी. बॅनरवर तो एका ओळीत मावला नव्हता. कोणी वरिष्ठ साहेब येणार होते. उदाहरणबाई जीपमध्ये चढली तेव्हा तिच्या काखेत एक गाठोडं होतं. भाऊंनी विचारलं, तर म्हणाली, "सत्काराचं सामान हाय." भाऊ खूश झाले. त्यांना वाटलं, बाईत प्रगती आहे.

मी तिचं नाव पुकारलं. तिने हकिगत सांगितली, हंड्यापाशी थांबली नाही, मेंढरांपाशी लोकांना हसवलं. पिवळ्या कार्डाशी येताच भाऊ सवयीने माईककडे सरकले. पण तिने स्वतःच माईक त्यांच्या हातात दिला, गाठोडं सोडलं आणि पहिली शाल वरिष्ठ साहेबांच्या खांद्यावर घातली. दुसरी भाऊंच्या. मग स्टेजवरच्या आणखी तिघांच्या. शालींच्या टोकांना सुतळीचे तुकडे अजून लोंबत होते. सहावी शाल घेऊन ती माझ्याकडे आली. माझ्या अंगावर ती नीट पसरली, चुरगळलेलं टोक सरळ केलं आणि माईक नसताना, फक्त मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाली, "तुमच्या तुमाला देल्या, गुर्जी. आता मोजा माझे कपडे. हितंच मोजा."

अंगावर एक विटकं लुगडं होतं. मोजायला फार वेळ लागला नसता.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. समोरच्या बायकांनी अखेर पदर डोळ्यांना लावला. वरिष्ठ साहेबांनी चष्मा पुसला आणि भाषणात सांगितलं, की स्वतः एवढं सोसलेली भगिनी दुसऱ्यांचा सत्कार करते, हीच आपली संस्कृती. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, खाली ओळ होती, पीडित महिलेकडून मान्यवरांचा हृद्य सत्कार. एवढ्या माणसांत तिचं म्हणणं कळलेला मी एकटाच होतो, आणि मी आभारप्रदर्शन करत होतो. सुतळी माझ्या मानेला टोचत होती. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला स्टेजवरून उडी मारून पळून जावंसं वाटलं.

पुढची ग्रामसभा आली. आजवर मी शेकड्याने भाषणं केली होती, पण त्या दिवशी मला दोन वाक्यं बोलायला घाम फुटला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "कोंडाबाईच्या फॉर्मवर मी कुडाला बांधलेल्या शाली कपड्यांत मोजल्या. चूक माझी आहे, तिचं नाव यादीत घ्या." समोर माझ्या विद्यार्थ्यांचे आईबाप बसले होते. कोणी तरी मागून हसलं. सरपंच म्हणाले, "गुर्जी, सरकारी कागदाला चूक म्हंता? इचार करा." मी म्हणालो, कागदाला नाही, मला म्हणतो. इतिवृत्तात ते लिहिलं गेलं. मला वरून खुलासा मागवण्यात आला. आयुष्यभर पोरांना निबंध लिहायला लावले, पण माझा स्वतःचा सगळ्यात चांगला निबंध तो खुलासा. विशेष म्हणजे त्यात एकही सुविचार नव्हता.

कार्ड आलं, पण सरकारी वेगाने आलं. मधे पोळ्याच्या सुमारास तिचा नवरा गेला. पोटात पाणी झालं होतं. मी भेटायला गेलो तेव्हा ती कुडाला टेकून बसली होती. शालींच्या जागी आता खताची पोती फाडून बांधली होती. मला वाटलं, सुटली असं म्हणेल. ती म्हणाली, "लई तकलीफ देल्ली त्यानं. पर तो काहून पेतो, ते त्याला बी कुनी इचारलं न्हाई, गुर्जी. तुमच्या भाऊनं बी न्हाई, म्या बी न्हाई."

पिवळ्या कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून तिचं नाव होतं. राशनच्या दुकानातून पहिला गहू डोक्यावर घेऊन ती मुद्दाम शाळेवरून गेली. थांबली नाही, नुसती मान वळवून पाहिलं. थोड्याच दिवसांत भाऊंची जीप आली. आता बाई विधवा झाली होती, म्हणजे उदाहरण पूर्वीपेक्षा भक्कम झालं होतं. भाऊंनी मोठ्या मायेने बोलावलं. उदाहरणबाईने त्यांना बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि कार्ड आणून दाखवलं. "भाऊ, म्या गरीब हाय असं सरकारनं लिहून देलंय. आता स्टेजवर चढून सांगायचं काही काम न्हाई." भाऊ निराश होऊन परतले. त्यांना लवकरच कळमनुरीकडे दुसरी एक बाई मिळाली, तिला रडता येत असे.

तीन-चार वर्षांनी माझी बदली झाली. शाळेत निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. सरपंचांनी मला शाल घातली, नारळ दिला, माझ्या सेवेबद्दल चार खोट्या गोष्टी सांगितल्या. लोक उठायच्या बेतात असताना उदाहरणबाई मागून आली. हातात काळी, जाड घोंगडी होती. मेंढरं कातरायच्या वेळी मालक तिला मजुरीत थोडी लोकर द्यायचा. ती तिने तीन हिवाळे साठवली, स्वतः कातली आणि विणून आणली. म्हणजे ती लोकर तिच्याच मेंढरांची होती. स्वतःची दोन लेकरं थंडीत, आणि ही बाई घोंगडी माझ्यासाठी घेऊन आलेली. मी नको म्हणालो. तिने माझ्या अंगावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि मला घोंगडी पांघरवली. मानेला ती टोचत होती, पण अंगाला तेव्हाच ऊब लागली.

"लेकराइला बी एक केली, काळजी करू नका," ती म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आन् गुर्जी, नव्या गावी कुनी मोजायला आलं, तर ही कपड्यात लिहू नका."

लोक खो खो हसले. मीही हसायला तोंड उघडलं. उत्तर द्यायचं होतं, सूत्रसंचालकाला साजेसं काहीतरी. पण आवाज भरून आला, अगदी भाऊंना हवा असायचा तसा, आणि एवढ्या लोकांपुढे माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थांबेना. उदाहरणबाई समोर उभी राहून कोरड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती. पदराचं टोक तिने माझ्यापुढे धरलं.

"असं करू नये, गुर्जी," ती हळूच म्हणाली. "घरून रडून यायचं असतं."